आपला अर्ज कोणत्या खात्याचा?

जून २०२४ मधली गोष्ट. दिल्लीत नव्या सरकारचा शपथविधी झाला होता आणि आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत इतिवृत्त राहिलं बाजूला, सगळ्या त्यावरच बोलत होत्या. मुरबाडकडची एक आजी म्हणाली, "सरकार एक, पंतप्रधान एक, मग मंत्री बहात्तर कशाला गं?" सगळ्या हसल्या. मला मात्र धड उत्तर देता आलं नाही. बी.ए. करूनसुद्धा! मग घरी वाचून काढलं, ते आज सांगते.

९ जून २०२४ला शपथ घेतलेल्या ७२ जणांत पंतप्रधान धरून ३१ जण कॅबिनेटचे, ५ स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री. इथे एक घोळ नेहमी होतो. राज्यमंत्री म्हटलं की आपल्याला महाराष्ट्राचा मंत्री वाटतो. पण केंद्रातही राज्यमंत्री असतात, कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली. स्वतंत्र कार्यभार असेल तर तो आपलं खातं स्वतः सांभाळतो. शहापूर आणि मुरबाड दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. तिथले तेव्हाचे खासदार कपिल पाटील २०२१ ते २०२४ केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री होते. त्यांना भेटायचं तर मुंबईला मंत्रालयात जायचं, असं आमच्याकडे किती जणी धरून चालल्या होत्या!

बहात्तर हा आकडाही मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही. पूर्वी बंधन नव्हतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ठरवलं की मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत. ५४३ चे १५ टक्के, म्हणजे ८१. आपल्या विधानसभेच्या २८८ ला तसेच ४३.

एवढे लागतात कारण कामं पुष्कळ, आणि आघाडी असली की घरातली माणसंही पुष्कळ. २०२४ला भाजपचे २४० खासदार आले, बहुमताला २७२ लागतात. तेलुगू देसमचे १६, जनता दल युनायटेडचे १२, असे मित्रपक्ष धरून सरकार झालं. मग कोणाला कोणतं खातं आणि कोणती पायरी, यावर बोलणी आलीच. आपल्याकडचे प्रफुल्ल पटेल यांना स्वतंत्र कार्यभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं होतं, पण आधी कॅबिनेट मंत्री राहिलेल्याला ते पायरी उतरल्यासारखं म्हणून त्यांच्या पक्षाने ते घेतलं नाही. आपल्या गटात अध्यक्ष राहिलेली बाई पुढच्या वर्षी सचिव व्हायला तयार होते का, आठवून बघा.

आता आपल्या कामाचा इतिहास. १९७७ साली केंद्रात पहिलं बिगर काँग्रेस सरकार आलं, मोरारजी देसाईंचं. काँग्रेस संघटना, जनसंघ, लोकदल, समाजवादी असे वेगवेगळ्या विचारांचे लोक एका जनता पक्षात आलेले. आपल्या कोकणातले मधू दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री झाले. लांबच्या गाडीत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. त्या कॅबिनेटमध्ये बाई मात्र एकही नव्हती. नेत्यांचं आपसात पटेना आणि जुलै १९७९ मध्ये सरकार गेलं. मग चरणसिंग पंतप्रधान आणि आपले यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान. तेही सरकार महिनाभरात राजीनामा देऊन बसलं, संसदेला सामोरं न जाताच. पण त्याच ऑगस्टमध्ये, जाता जाता, शेती खात्यातला ग्रामविकास विभाग वेगळा काढून त्याचं स्वतंत्र मंत्रालय झालं. आपल्या बचत गटाचं मूळ घर ते हे. पुढे त्याची नावं बदलली, मध्ये परत शेतीत मिसळलं, १९९१ला पुन्हा वेगळं झालं.

मग त्या घरातून एकेकाची चूल वेगळी झाली. २००४ला काँग्रेसच्या आघाडीचं सरकार आलं तेव्हा पंचायती राजचं मंत्रालय निराळं काढलं. ग्रामविकास मित्रपक्षाकडे गेलं, राष्ट्रीय जनता दलाचे रघुवंश प्रसाद सिंह मंत्री. त्यांच्या काळात २००५ चा रोजगार हमी कायदा झाला. ती कल्पना मूळची आपली बरं का, वि. स. पागे यांची, महाराष्ट्राने ती आधीच चालवली होती. महिला व बालविकास, म्हणजे अंगणवाडी, तोवर शिक्षणाच्या मोठ्या मंत्रालयात होतं, ते २००६ला स्वतंत्र झालं. पिण्याचं पाणी २०११ला ग्रामविकासातून निघालं आणि २०१९ला जलशक्ती मंत्रालयात गेलं. उमेदचा पैसा मात्र अजून ग्रामविकासातूनच येतो.

२०२४ च्या वाटपात पंचायती राज खातं जनता दल युनायटेडच्या राजीव रंजन सिंह यांच्याकडे गेलं, ग्रामविकास भाजपच्या शिवराजसिंह चौहान यांच्याकडे, महिला व बालविकास अन्नपूर्णा देवींकडे. ७२ मध्ये बायका ७. त्यातल्या एक आपल्या रक्षा खडसे, कोथळी गावच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषद, मग खासदार. सरपंचबाईंनो, ऐकताय ना?

तुम्ही म्हणाल, दिल्लीतल्या चुली वेगळ्या झाल्या, त्याचं आम्हाला काय? मागे आमच्या ग्रामसंघाने एकच अर्ज केला होता. अंगणवाडीचं छप्पर गळतं, नळाला पाणी नाही, फिरता निधी आला नाही, सगळं एका कागदावर, वीस सह्या-अंगठे. दोन महिन्यांनी तो परत आला, वर शेरा, "संबंधित विभागाकडे अर्ज करावा." कोणता संबंधित, ते लिहिलेलं नाही. बाया मला म्हणाल्या, ताई, गाव एक, सही एक, मग दारं तीन का? तेव्हा मला वाटलं नुसतं टोलवतायत. थोडं टोलवलंही असेल. पण दिल्लीत जसं तुटलं तशीच तालुक्यात टेबलं पडली आहेत, हे मला वाचल्यावर कळलं.

मग आम्ही तीन अर्ज केले. अंगणवाडीचा महिला व बालकल्याणला, निधीचा उमेदच्या तालुका कक्षात, नळाचा पाणीपुरवठ्याला. प्रत्येकाची पोच घेतली आणि इतिवृत्ताच्या वहीत चिकटवली. निधी दिवाळीआधी खात्यात आला. अंगणवाडीचे पत्रे यंदा बदलले. नळाच्या अर्जाला अजून उत्तर नाही. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि एप्रिल लागला की आमच्या पाड्यावर टँकर. आजीने त्यावर विचारलंय, बहात्तरातला कोण याला जबाबदार? जलशक्तीला विचारायचं की राज्याला, ते पुढच्या बैठकीत ठरवणार आहोत. चौथा अर्ज आजीच्याच नावाने जाईल.