गाडी जपानी, पण कारखाना कॅलिफोर्नियातला : फ्रीमॉन्टची गोष्ट

१/ "जपानी गाडी आहे, डोळे झाकून घ्या." हा सल्ला आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकला आहे. पण गाडीचा दर्जा ती कोणत्या देशात बनली यावर खरेच ठरतो का? कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट या गावी १९८० च्या दशकात या प्रश्नाची जणू परीक्षाच झाली. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. जपानी मोटारींचा लौकिक जन्मजात नव्हता. १९५० च्या दशकाअखेरीस टोयोटाने 'टोयोपेट क्राउन' अमेरिकेत विकायला नेली. जपानच्या संथ, खडबडीत रस्त्यांसाठी घडवलेली ही गाडी अमेरिकी महामार्गांच्या वेगापुढे तग धरू शकली नाही. काही वर्षांतच टोयोटाला तिची तेथील विक्री थांबवावी लागली.

३/ पुढील दोन दशकांत चित्र पालटले. त्यामागील एक प्रेरणा अमेरिकीच होती. संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना दर्जानियंत्रणावर व्याख्याने दिली. टोयोटात ताइइची ओहनो यांनी वेगळी उत्पादनपद्धती घडवली. दोष दिसताच काम थांबवायचे आणि त्याचे मूळ शोधायचे, हे तिचे एक प्रमुख सूत्र होते. १९८० मध्ये वाहनांच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले.

४/ आता फ्रीमॉन्ट. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना कुप्रसिद्ध होता. गैरहजेरी अनेकदा २० टक्क्यांच्या वर जाई. संप आणि तक्रारी नित्याच्या होत्या. काहीही झाले तरी लाईन थांबता कामा नये, हा दंडक असल्याने सदोष गाड्या तशाच पुढे जात. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला आणि हजारो कामगार बेकार झाले.

५/ १९८३ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी हाच कारखाना भागीदारीत चालवण्याचा करार केला. त्या संयुक्त कंपनीचे संक्षिप्त नाव 'नुमी'. जनरल मोटर्सला छोटी गाडी किफायतशीरपणे बनवण्याचे तंत्र हवे होते. जपानी मोटारींच्या आयातीवर मर्यादा आल्यामुळे टोयोटाला अमेरिकी भूमीवर पाय रोवायचे होते.

६/ खरी कसोटी मनुष्यबळाची होती. नव्या कंपनीने बहुसंख्य कामगार फ्रीमॉन्टच्या जुन्या कामगारांमधूनच घेतले, युनियनही तीच राहिली. देश तोच, गाव तेच, माणसेही बव्हंशी तीच. बदलली ती कामाची पद्धत.

७/ शेकडो कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानमधील टाकाओका कारखान्यात पाठवण्यात आले. परतल्यावर त्यांनी छोट्या गटांत काम सुरू केले. कामाचे डझनावारी वर्ग मोडून मोजकेच ठेवले गेले. अडचण येताच दोरी ओढून लाईन थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळाला. पूर्वी जे करण्यास मज्जाव होता, तेच आता कर्तव्य ठरले.

८/ डिसेंबर १९८४ मध्ये 'शेव्हरले नोव्हा'चे उत्पादन सुरू झाले. एमआयटीच्या संशोधकांनी पुढे तीन कारखान्यांची तुलना केली. १०० गाड्यांमागे जोडणीतील दोष असे होते : जनरल मोटर्सचा फ्रॅमिंगहॅम १३०, टोयोटाचा टाकाओका ४५, नुमी ४५. गैरहजेरीही तीन-चार टक्क्यांच्या आसपास उतरली.

९/ याच संशोधकांना आणखी एक धक्का बसला. मोठ्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांत जोडणीचा सर्वोत्तम दर्जा जपानमध्ये नव्हे, तर मेक्सिकोतील एर्मोसीयो येथे फोर्डच्या कारखान्यात आढळला. तेथील गाडी मात्र जपानी 'माझदा'च्या आराखड्यावर बेतलेली होती.

१०/ ग्राहकांच्या मनातील देश मात्र इतक्या सहजी बदलत नाही. पुढे फ्रीमॉन्टच्या छपराखाली टोयोटाची 'कोरोला' आणि जनरल मोटर्सची 'जिओ प्रिझम' या जवळजवळ जुळ्या गाड्या बनू लागल्या. तरीही जुन्या गाड्यांच्या बाजारात कोरोलाला अधिक भाव मिळे. फरक होता तो मुख्यतः नावाचा.

११/ मग देशाला काहीच अर्थ नाही? तसेही नव्हे. नोव्हाची इंजिने सुरुवातीला जपानमधूनच येत. सुटे भाग पुरवणारे, प्रशिक्षक, वर्षानुवर्षांची शिस्त हे सारे कुठल्या तरी देशातच रुजते. ते दुसरीकडे नेता येते, पण सहज नव्हे. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातीलच आपल्या व्हॅन नाइस कारखान्यात हीच पद्धत आणू पाहिली. तेथे व्यवस्थापक आणि कामगार यांच्यात विश्वासच निर्माण झाला नाही आणि प्रयत्न फसला.

१२/ शेवट कटू आहे. दिवाळखोरीत सापडलेली जनरल मोटर्स २००९ मध्ये भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटानेही काढता पाय घेतला. एप्रिल २०१० मध्ये नुमी बंद झाली आणि सुमारे ४७०० कामगारांचा रोजगार गेला. १९८२ मध्ये दर्जा वाईट म्हणून बोल लावला गेला होता, या वेळी दर्जा उत्तम असूनही काम गेले. त्याच वर्षी ती वास्तू टेस्लाने विकत घेतली.

१३/ तेव्हा 'ही गाडी कोणत्या देशाची?' या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा : ती बनवताना दोष दिसला, तर लाईन थांबवण्याची मुभा कोणाला होती?