पाणी, पाइप आणि वायरी : एका डेस्कटॉपने माझा सिनॉप्सिस कसा बदलला

मागच्या पोस्टवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की संशोधनाचा प्रश्न सापडतो तरी कसा? ‘विषय’ सगळ्यांकडे असतो, ‘प्रश्न’ नसतो. ही तक्रार मला चांगलीच ओळखीची आहे, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी अवस्था नेमकी हीच होती. म्हणून आज सल्ला बाजूला ठेवतो आणि माझीच एक चूक सांगतो. चुकीतून थोडा इतिहासही कळेल.

गोष्ट सुरू होते पुण्यात, मे महिन्यात, एका मित्राच्या खोलीत. त्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले होते आणि स्वतःच्या हाताने वॉटर-कूल्ड डेस्कटॉप जोडायला घेतला होता. मी मदतीला. प्रोसेसरवर तांब्याचा वॉटर ब्लॉक, वर रेडिएटर, बाजूला पंप आणि पाण्याची टाकी. पाइप जोडून झाल्यावर मी म्हटलं, चला, करू सुरू. तो म्हणाला, ‘थांब, अजून चोवीस तास.’ मदरबोर्डला वीज न देता एसएमपीएसमधून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली पेपर नॅपकिन ठेवायचा आणि सकाळी नॅपकिन कोरडा आहे का ते बघायचं. टाकी पंपाच्या वर हवी, कारण पंप कोरडा चालला तर खराब होतो. आम्ही रात्रभर टॉर्च मारून नॅपकिन बघत होतो.

त्या रात्री मला वाटलं, हाच आपला विषय! घरगुती हौशी लोकांनी कॉम्प्युटरमध्ये पाणी आणलं आणि मग मोठ्या कंपन्यांनी ते उचललं. ‘खालून वर गेलेलं तंत्रज्ञान.’ आठवड्याभरात सिनॉप्सिसचा मसुदा तयार. गाइड मॅडमनी पहिल्याच पानावर ‘सर्वप्रथम’ या शब्दाभोवती लाल गोल केला आणि एवढंच विचारलं, ‘याच्या आधी काय होतं, ते बघितलंस का?’

बघितलं नव्हतं. पुढचे सहा महिने तेच बघण्यात गेले.

आधी थोडं भौतिकशास्त्र

पाणीच का? एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते, एक किलो हवेला साधारण १. पण खरा फरक आकारमानात आहे. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेपेक्षा जवळपास साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकतं.

हिशोब करून बघा. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट उष्णता देतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं तर ते पाणी जेमतेम पावणेसहा अंशांनी तापेल. हीच उष्णता हवेने न्यायची आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा लागेल. म्हणूनच पंखे घरघरतात.

पण पाणी उष्णता ‘संपवत’ नाही, फक्त दुसरीकडे नेतं. शेवटी ती रेडिएटरमधून खोलीतच येते. पुण्याच्या मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर साध्या लूपमधलं पाणी त्याच्या खाली जाऊच शकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

जे मला माहीतच नव्हतं

मॅडमच्या प्रश्नानंतर मी मागे मागे जात राहिलो आणि माझा मसुदा पानापानाने कोसळत गेला. १९६० च्या दशकातल्या आयबीएम सिस्टिम/३६० च्या मॉडेल ९१ मध्येच थंड पाणी वापरलेलं होतं. त्याच काळात कंट्रोल डेटा कंपनीचं ६६०० हे यंत्र फ्रिजसारखं फ्रिऑन वायूवर थंड होत होतं. म्हणजे माझ्या ‘हौशी’ लोकांच्या तीसेक वर्षं आधी!

१९७६ मध्ये लॉस अलामॉसला पोहोचलेलं क्रे-१ घ्या. सिमूर क्रे याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. डीन राऊश हे नाव सहसा कुणी घेत नाही, आणि यंत्र थंड ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. साडेपाच टनांचं हे यंत्र सुमारे ११५ किलोवॉट वीज खायचं. सर्किट बोर्डांच्या मधल्या तांब्याच्या पत्र्यांतून उष्णता उभ्या ॲल्युमिनियमच्या खांबांत जायची आणि त्या खांबांमधल्या नळ्यांतून फ्रिऑन फिरायचा. पहिल्या यंत्राला उशीर झाला तो गणितामुळे नाही, गळतीमुळे. कॉम्प्रेसरसाठी फ्रिऑनमध्ये मिसळलेलं तेल जोडांमधून धुक्यासारखं बाहेर यायचं, बोर्डांवर साचायचं आणि शॉर्टसर्किट व्हायचं. शेवटी नळ्या जोडण्याची वेल्डिंगची पद्धतच बदलावी लागली. हे वाचलं तेव्हा मला आमचा पेपर नॅपकिन आठवला.

१९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ मध्ये तर वेगळीच करामत होती. शंभराहून अधिक चिप एका सिरॅमिकच्या पाटीवर, प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक छोटा दट्ट्या, मधल्या फटीत हेलियम वायू आणि वर पाण्याने थंड ठेवलेली थाळी. पाणी चिपला कुठेही स्पर्श करत नाही, पण उष्णता घेऊन जातं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर बोर्ड सरळ वीजरोधक द्रवातच बुडवलेले होते.

मग पाणी गेलं कुठे?

आता इथे थांबा, कारण खरा प्रश्न मला इथे सापडला.

१९८० च्या दशकात पाणी एवढं मुरलेलं होतं, तर १९९५ चा विद्यार्थी कॉम्प्युटर म्हटल्यावर फक्त पंखाच का ओळखत होता? उत्तर थंड करण्याच्या तंत्रात नाही, ट्रान्झिस्टरच्या जातीत आहे. मोठी यंत्रं तेव्हा बायपोलर ट्रान्झिस्टरवर चालायची. ते वेगवान, पण नुसते बसले तरी वीज खाणारे. सीमॉस जातीचे ट्रान्झिस्टर मुख्यतः चालू-बंद होताना वीज घेतात. सुरुवातीला ते हळू होते. पण १९९० च्या दशकात आयबीएमने आपले मेनफ्रेम सीमॉसवर आणले, तेव्हा उष्णता एवढी उतरली की पाण्याचे पाइप काढून टाकता आले. १९९० च्या ईएस/९००० मालिकेतली मोठी यंत्रं पाण्यावर होती, १९९४ मध्ये आलेली सीमॉस यंत्रं हवेवर.

आणि मग? सीमॉसही तापलं. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं तर दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढत नाही. अनेक वर्षं हे गणित जमलं. पण व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरेना आणि गळणारा विद्युतप्रवाह वाढत गेला. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. त्याच वर्षी ॲपलने २.५ गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी५ कारखान्यातूनच द्रवाने थंड होणारा म्हणून विकायला काढला. २००८ मध्ये आयबीएमच्या पॉवर ५७५ यंत्रात पाणी परत आलं.

म्हणजे आलेख असा आहे : पाणी आलं, गेलं, परत आलं. माझ्या सिनॉप्सिसमधला सरळ वर चढणारा बाण कुठेच नव्हता. ‘तंत्रज्ञान पुढे जात राहतं’ हे वाक्य आपण इतक्या सहज लिहितो! पण एखादी गोष्ट गायब का झाली, हा प्रश्न ‘पहिली कधी आली’ यापेक्षा जास्त काही शिकवतो. तुमच्या विषयात असं काय गायब झालंय, ते शोधा.

मग हौशी लोकांचं काय?

त्यांना मी फेकून दिलं नाही, फक्त त्यांची जागा बदलली. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. स्वस्त प्रोसेसर, गुणक ४.५. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा थेट ४५०. बऱ्याच नगांना हे झेपायचं. मग लोक त्याहून पुढे जायला लागले आणि पंखा पुरेना. बाजारात घरगुती वॉटर कूलिंगचं सामान फारसं नव्हतं. म्हणून गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर, फिश टँकचा पंप आणि स्वतः कोरलेला तांब्याचा ठोकळा. त्यांनी पाणी ‘शोधलं’ नाही. मोठ्या यंत्रांनी जे टाकून दिलं होतं, ते त्यांनी मोटारीच्या भंगारातून पुन्हा उभं केलं. हे वाक्य माझ्या सुधारित सिनॉप्सिसमध्ये आहे आणि मॅडमनी त्याला गोल केलेला नाही.

आणि जुन्या चुकाही नव्याने झाल्या. आमच्याच लूपमध्ये स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर होता आणि ब्लॉक तांब्याचा. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात, म्हणजे छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजत गेलं आणि चार महिन्यांनी पाण्यात पांढरट गाळ दिसला. रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही.

वायरी : नीटनेटकं म्हणजे काय?

आता दुसरा धागा. माझ्या मित्राने वायरी लावायला पाइपांपेक्षा जास्त वेळ घेतला. मदरबोर्डच्या मागून ओढायच्या, झिप टायने बांधायच्या, काचेच्या बाजूने एकही लोंबती दिसता कामा नये. मी समजलो, हवा खेळती राहावी म्हणून. काही अंशी खरं आहे. पूर्वीच्या ४० पिनांच्या रुंद पट्टी-केबली हवेच्या वाटेत पडद्यासारख्या आडव्या यायच्या. वेग वाढल्यावर त्यात तारा ८० झाल्या. वाढलेल्या चाळीस फक्त अर्थिंगच्या, शेजारच्या तारांची कुजबुज रोखायला. २००३ च्या सुमारास साटा आलं आणि सात तारांची बारीक केबल पुरली. आज हवेला वायरींचा अडथळा फारसा नसतो. आजचा नीटनेटकेपणा मुख्यतः डोळ्यांसाठी आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी हातांसाठी.

याउलट क्रे-१ च्या आतल्या बाजूचा फोटो बघा. वायरींचं अक्षरशः जंगल! पण ते अव्यवस्थित अजिबात नाही. घड्याळाचा ठोका साडेबारा नॅनोसेकंदांचा, आणि एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा सुमारे ३० सेंटिमीटरच जातो. तारेत संदेश त्याहून हळू. म्हणून कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती आणि तारांची लांबी संदेश वेळेवर पोहोचण्याच्या हिशोबाने ठरलेली होती. यंत्राचा तो प्रसिद्ध इंग्रजी ‘सी’ सारखा आकार शोभेसाठी नव्हता, आतल्या बाजूला तारा आखूड राहाव्यात म्हणून होता. तिथे ‘नीट’ म्हणजे वेळेत पोहोचणारं. आमच्या खोलीत ‘नीट’ म्हणजे काचेतून छान दिसणारं. शब्द एकच, अर्थ दोन. जुने दस्तऐवज वाचताना असे शब्द आपल्याला फसवतात, जपून राहा.

त्या तारा जोडल्या कुणी? विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातल्या कामगारांनी, हाताने, एकेक करून. त्यात मोठ्या संख्येने स्त्रिया होत्या. जुन्या फोटोंत त्यांचे हात दिसतात, नावं क्वचितच. पेटंटवर अभियंत्याचं नाव असतं, जाहिरातीत कंपनीचं. मी आता पहिल्या ‘शोधकाच्या’ मागे नाही, त्या हातांच्या मागे आहे. वायरींच्या याद्या, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, स्थानिक वर्तमानपत्रं या साधनांमधून ते हात सापडतील का, हा माझा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. मग ते ‘नाही’ का, हेही एक प्रकरण होईल.

आणि पुणे?

सहज उत्सुकता म्हणून सांगतो. २०१९ मध्ये पुण्यातल्या आयसरमध्ये बसवलेला सीडॅकचा ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटरही द्रवाने थंड होतो. प्रोसेसरला थेट टेकलेल्या थाळ्या, त्यातून फिरणारा द्रव. तत्त्व मित्राच्या खोलीतलंच. आणि प्रश्नही तोच : बाहेर काढलेली उष्णता ठेवायची कुठे? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०१० मध्ये बसवलेल्या ॲक्वासार यंत्रात सुमारे ६० अंशांचं गरम पाणी वापरून ती उष्णता इमारती तापवायला दिली गेली. पुण्याला मे महिन्यात तशी गरज नाही. एकाच तंत्राचा इतिहास दोन हवामानांत वेगळा लिहावा लागतो.

तुम्ही प्रवेशपरीक्षेची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल, तर आज रात्री एवढंच करा. तुमच्या मसुद्यातलं ‘सर्वप्रथम’, ‘क्रांतिकारी’, ‘झपाट्याने प्रगती’ असं प्रत्येक ठिकाण पेन्सिलने गोल करा. प्रत्येक गोलापुढे तीन प्रश्न लिहा : याच्या आधी काय होतं? मध्ये काय गायब झालं? आणि हे हाताने कुणी केलं?

मग चोवीस तास ठेवून द्या. सकाळी बघा, नॅपकिन कोरडा आहे का.