तोफा नसलेलं रणांगण



लढाई म्हटलं की आपल्याला सैनिक आणि बंदुका आठवतात. पण १९३९ साली, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, मराठीत ‘रणांगण’ नावाची छोटी कादंबरी आली. लेखक विश्राम बेडेकर, म्हणजे विभावरी शिरूरकर या नावानं लिहिणाऱ्या मालतीबाईंचे पती. नाव रणांगण, पण पुस्तकात लढाईच नाही. आहे ती युरोपातून निघालेली एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू माणसं आहेत, आणि त्यांत हॅर्टा ही तरुणी.

बोटीवर तिचं आणि चक्रधर या मराठी तरुणाचं प्रेम जमतं. मुंबई येते. तो उतरतो, कारण हे त्याचं घर आहे. तिला बोटीवरच राहावं लागतं. पुढच्या प्रवासात ती समुद्रात जीव देते. तिच्यावर कुणी गोळी झाडली नव्हती. ‘इथं उतर, इथं राहा’ असं म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच.

ही झाली कादंबरी. पण काही वर्षांतच आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट घडलं. रशियानं पोलंडमधून हजारो कुटुंबांना घरातून उचलून दूर थंडीच्या मुलखात नेलं होतं. त्यांतली काही माणसं इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ त्यांची छावणी होती. सुमारे ५ हजार माणसं, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. तिथं त्यांच्या शाळा भरल्या, त्यांच्या सणांना गाणी झाली. कुणीतरी उतरू दिलं, म्हणून ती माणसं जगली.

आता आपल्या तालुक्याकडे या. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरण पूर्ण झालं. धरण म्हणजे लढाई नव्हे; त्या पाण्यानं कितीतरी शिवारं भिजली. पण नाथसागराखाली गावंही गेली. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाला, आणि त्या नावांत बाया फार थोड्या होत्या. चूल, जातं, शेजारीण, ओव्यांच्या जोडीदारणी यांची नोंद कोणत्या कागदावर झाली?

हॅर्टाची गोष्ट बेडेकरांनी लिहिली. वळिवड्याच्या आठवणी पोलंडच्या लोकांनी जपल्या. बुडीत गावातून आलेल्या आपल्या आज्ज्यांचं काय? त्या आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून आम्ही सगळ्या गटांना सुचवतो. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अशा एका आजीला शेजारी बसवा. गाव कोणतं, निघताना डोक्यावर काय घेतलं, नव्या गावात पहिलं पाणी कुणी दिलं, हे विचारा. लिहिता येणाऱ्या मैत्रिणीनं ते गटाच्या वहीत आजीच्या पूर्ण नावानिशी उतरवावं.