घरोघरी तोशाखाने

दिवाळीचे चार दिवस आणि त्यानंतरचे चार दिवस यांत फरक एवढाच, की पहिल्या चार दिवसांत वस्तू घरात येतात आणि पुढच्या चार दिवसांत त्या कपाटात मावत नाहीत. चकल्या मऊ पडलेल्या असतात, चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसता कढीलिंब उरलेला असतो, आणि घरची लक्ष्मी उघड्या कपाटापुढं मांडी घालून बसलेली असते. कोणाकडून काय आलं, त्यातलं काय ठेवायचं, काय पुढं पाठवायचं आणि कोणाला, याचा खल सुरू होतो. 'अहो, हा लेमन सेट वन्संनी दिलाय. तो त्यांच्याच जावेकडं जायला नको हं!' असं तिथं बोललं जातं. परराष्ट्र खात्यातसुद्धा याहून सूक्ष्म विचार होत नसेल.

या कामाला लोक 'खपवणं' असा हलका शब्द वापरतात. इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसानं तो वापरू नये. या रिवाजाला बादशाही परंपरा आहे.

1615 साली सर टॉमस रो हा इंग्रजांचा वकील सुरतेला उतरला आणि पुढल्या जानेवारीत अजमेरला जहांगीर बादशहापुढं हजर झाला. आपल्या भेटी या दरबारात फिक्या पडतात, ही त्याची कायमची रडकथा. तरी त्यात एक ऐटदार विलायती घोडागाडी होती. बादशहानं काय करावं? आपल्या कारागिरांकडून तशीच दुसरी गाडी करवून घेतली आणि ती स्वतःला ठेवली. मूळ गाडीला आतून-बाहेरून नवं भारी कापड चढवलं आणि ती दिली नूरजहान बेगमेला! आलेला आहेर नुसतं वेष्टन बदलून पुढं पाठवायची युक्ती आपल्याच गल्लीत निघाली असं मानणाऱ्या भगिनींनी याची नोंद घ्यावी.

देण्यापेक्षा घेणं अवघड, हेही इतिहासच सांगतो. 1792 साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुत्लक' हा किताब आणि मानाची वस्त्रं घेऊन पुण्याला आले. आता घरबसल्या किताब चालून आला, तर नको कोण म्हणेल? पण नाना फडणिसांनी हरकत घेतली. बादशहाची खिलत अंगावर घालायची म्हणजे त्याचं मोठेपण मान्य करायचं, आणि पेशवे तर साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक. शेवटी साताऱ्याहून परवानगी आली, तेव्हा कुठं खास उभारलेल्या डेऱ्यात समारंभ झाला. बादशहा दिल्लीला, म्हणून त्याच्या नावानं रिकामं सिंहासन मांडलेलं. सवाई माधवरावांनी त्याला तीन वेळा मुजरा करून 101 मोहरा नजर केल्या, असं ग्रँट डफ लिहितो. तो वरचा 'एक' पाहा! लग्नाच्या पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवणाऱ्या आपल्या लोकांना त्या मोहरेत आपलं नातं दिसायला हरकत नाही.

इंग्रजांना मात्र या 'एका'चं मर्म कळलं नाही. त्यांना आकडे मोठे लागत. 1757 साली प्लासी झाली आणि मीर जाफरकडून क्लाइव्हला 2 लाख 34 हजार पौंड भेटीदाखल मिळाले. पुढं पार्लमेंटात जाब विचारला गेला, तेव्हा आपण इतक्या थोडक्यावर कसे थांबलो याचंच आपल्याला नवल वाटतं, अशा अर्थाचं त्यानं सांगितलं. त्याच वर्षी, म्हणजे 1773 साली, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आला आणि कंपनीच्या नोकरांनी एतद्देशीयांकडून भेटी घेऊ नयेत असा कायदा झाला.

कायदा झाला, पण राजेरजवाडे ऐकतात थोडेच? साहेब भेटीला आला की ते शाली, तलवारी, जवाहीर पुढं करणारच, आणि नाही म्हटलं तर अपमान. यावर सरकारनं तोड काढली ती तोशाखान्याची. शब्द आणि संस्था दोन्ही जुन्या दरबारातल्या, फक्त हिशेब इंग्रजी. आलेली भेट साहेबानं हातात घ्यायची आणि तोशाखान्यात जमा करायची. तिथं तिची किंमत ठरायची. उलट भेट द्यायची वेळ आली की तिथलंच काहीतरी साधारण त्याच किमतीचं काढून द्यायचं, उरलेलं लिलावात विकायचं. एका संस्थानिकाची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर! हा तोशाखाना इंग्रज गेल्यावरही उठला नाही. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना परदेशांत मिळालेल्या ठरावीक किमतीवरच्या भेटी आजही दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात जमा होतात.

म्हणजे आपल्या गृहिणी कपाटापुढं बसून जे करतात ते सरकारमान्य आहे. फरक एकच, त्यांची किंमत-वही डोक्यात असते. आणि एक अडचण सरकारला नव्हती ती त्यांना असते : नाव घातलेली भांडी. 'चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामा-मामींकडून सप्रेम' असं टिकटिक ठोकून कोरलेलं स्टीलचं पातेलं त्रिखंडात कुठं खपवता येत नाही. ताम्रपटाखालोखाल विश्वसनीय असा हा पुरावा. ज्यानं भांड्यावर नाव घालायचं यंत्र काढलं, त्याला मामींचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

पण थट्टा पुरे. तोशाखान्यात एक गोष्ट नव्हती. पाच हजार आले, पाच हजार गेले, वही मिटली. इतक्या शाली इकडून तिकडं गेल्या, पण त्यांची ऊब कोणाला लागली नाही. फिटंफाट झाली की नातं उरत नाही, हे त्या चोख कारकुनांच्या ध्यानात कसं यावं?

ते ध्यानात आलं होतं पार न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या लोकांना. मॅलिनोव्स्की नावाचा पंडित पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथं राहिला आणि 1922 साली त्यानं त्यांच्या 'कुला'ची हकीकत छापली. तांबड्या शिंपल्यांचे हार बेटाबेटांवरून एका दिशेनं फिरतात, शंखाची कडी उलट्या दिशेनं. होड्या हाकत समुद्र ओलांडून माणसं ते पोचवतात. हार आला की लगेच कडं देऊन मोकळं व्हायचं नाही, मध्ये काळ जाऊ द्यायचा. पण वस्तू फार दिवस दाबूनही ठेवायची नाही, नाहीतर बेअब्रू. तीन वर्षांनी, 1925 साली, मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानानं यावरून आणि इतर देशांच्या चालींवरून सिद्धान्त मांडला : देणं, घेणं आणि फेडणं ही तिन्ही बंधनं आहेत, आणि समाज त्यांनीच बांधलेला आहे.

मोससाहेबांनी एवढे ग्रंथ चाळले. आपल्या चाळीत त्यांना हे एका वाटीत मिळालं असतं. शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतं. ते घासूनपुसून ठेवायचं, पण रिकामं परत करायचं नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. लगेच पाठवायचं नाही, कारण मग ते तोंडावर फेकल्यासारखं होतं. आणि काकूंचे आभार? छे! 'आभार कसले मानतेस, परकी का आहेस?' असं ऐकावं लागेल. मराठीत 'आभार' या शब्दातच 'भार' आहे. तो वक्त्याच्या मागून, लोक चपला शोधत असताना, व्यासपीठावरच उतरवायचा असतो. घरात तो वाटीतल्या साखरेनं सांगायचा.

हल्ली मिठाई पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते. खोकं दिसायला देखणं, पण ते परत करायचं नसतं, म्हणून त्यात काही घालायचंही नसतं. फोनवर हात जोडल्याचं चित्र धाडलं की आपण मोकळे. मोकळे होण्याची एवढी घाई आपल्याला पूर्वी नव्हती.

तेव्हा येत्या दिवाळीला एक करून पाहा. फराळ स्टीलच्या डब्यातून पाठवा, आणि डब्यावर नाव घातलेलं असू द्या. डबा उशिरा येईल, संक्रांतसुद्धा उजाडेल. पण त्यात तिळगूळ असेल.