कोंबडखत आपोआप खत होत नाही

पोल्ट्रीच्या घाणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्यात कचरा कुठे आहे? ते तर सोनं आहे." छत्रपती संभाजीनगरजवळ हर्सूल-जटवाड्याच्या बाजूला हे शेडवाला शेतकरी म्हणतो, त्याला पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर म्हणतो आणि ट्रॉली भरून नेणारा बागायतदारही म्हणतो.

हा पूर्वपक्ष खोटा नाही, म्हणून तो आधी पुरता मांडला पाहिजे. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, तर कोंबडखतात सुमारे 3 टक्के. स्फुरद तर कितीतरी पटींनी जास्त. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं आणि तयार पक्षीही कंपनीचाच. शेतकऱ्याच्या वाट्याला संगोपनाचे पैसे येतात आणि शेडमध्ये तळाला उरलेलं लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेलं तूस. ते विकून पुढच्या बॅचचं तूस आणि मजुरी निघते. मग ज्याला गिऱ्हाईक आहे, तो कचरा कसा?

गिऱ्हाईक आहे, पण बारा महिने नाही. कोंबडखताची खरी मागणी चैत्र-वैशाखात, खरिपाच्या तयारीला. कोंबड्या मात्र नक्षत्रं पाळत नाहीत. साधारण 40 दिवसांत बॅच निघते, वर्षात पाच-सहा वेळा. एका ब्रॉयलरमागे किलो-दीड किलो लिटर धरलं, तरी 5,000 पक्ष्यांच्या शेडमधून दर बॅचला 5 ते 7 टन माल बाहेर पडतो. मृग लागला की काळ्या रानात ट्रॉली जात नाही. आषाढ-श्रावणातलं लिटर शेडमागे ढिगानं पडून राहतं आणि वर एखादी फाटकी ताडपत्री टाकलेली असते.

असा ढीग भर पावसाळ्यात फावड्यानं उकरून पाहावा. वर करडी, कडक खपली असते. वीतभर खाली ओला, काळपट गाळ लागतो, त्यातून गरम वाफ निघते आणि डोळ्यांना पाणी सुटतं. फावड्याच्या पात्यावर पांढऱ्या अळ्या वळवळत येतात. उबदार हवेत माशीच्या अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ती माशी शेडवर थांबत नाही, वस्तीतल्या भाकरीवर येऊन बसते. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. कोंबडी गाईसारखी वेगळं मूत्र टाकत नाही. तिचं बरंचसं नत्र विष्ठेतच यूरिक आम्लाच्या रूपात असतं आणि ओल लागली की त्याचा अमोनिया होतो. म्हणजे ज्या नत्राच्या जोरावर ढिगाला सोनं म्हणायचं, तेच नत्र वास होऊन उडून चाललेलं असतं. वास जितका उग्र, खत तितकं हलकं. सोन्याचा दाखला देणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात घ्यावं.

जे उडत नाही ते वाहतं. हर्सूल तलाव जुन्या शहराला पाणी देतो. खाम नदी हर्सूलवरून शहरात शिरते, शहर ओलांडून नाथसागर जलाशयाकडे जाते आणि त्याच नाथसागरातून आपण पिण्याचं पाणी उपसतो. तलावाच्या वरच्या अंगाला ढीग भिजला तर नायट्रेट विहिरींत मुरतं आणि स्फुरद शेवाळ पोसतं. "शेतात टाकलं की प्रश्न मिटला" असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेरीलँडकडे पाहावं. तिथलं कोंबडखत शेतातच जात होतं. 1997 साली चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत मासे मरू लागले, संशय शेतांतून वाहून आलेल्या कोंबडखतावर गेला आणि पुढच्याच वर्षी शेतात किती खत टाकायचं यावर त्या राज्याला कायदा करावा लागला. खत वापरलं गेलं एवढ्यानं भागत नाही, जमिनीला पेललं का, हेही पाहावं लागतं.

नियम आहेत, असं यावर सांगितलं जातं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2020 साली कान टोचल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 5,000 पेक्षा जास्त पक्ष्यांच्या शेडना नियमांच्या कक्षेत आणलं. त्याआधी ही मर्यादा 1 लाखाची होती. सुधारणा मोठी आहे. पण मोजणी शेडनिहाय होते, ओढ्यानिहाय होत नाही. एकाच ओढ्याच्या काठी साडेचार-साडेचार हजारांच्या दहा शेड असल्या, तर कागदावर कोणीच मोठं नसतं, ओढ्याला मात्र 45,000 पक्ष्यांची घाण मिळते.

मेलेल्या पक्ष्यांबद्दल तर कोणी सोन्याचं नावही काढत नाही. चांगल्या बॅचमध्येही चार-पाच टक्के मरतूक धरलेली असते, म्हणजे 5,000 पक्ष्यांच्या शेडमधले 200 ते 250 पक्षी. 2006 साली नवापूरला आणि 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, तेव्हा पोशाख चढवलेली पथकं आली आणि पक्षी रीतसर खड्ड्यांत पुरले गेले. एरवी रोज मरणारे पाच-सात पक्षी बांधापलीकडे पडतात आणि कुत्री ते वस्तीपर्यंत ओढत नेतात. खाद्या-पाण्यातून दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश आणि त्यांना सरावलेले जंतूही लिटरमधून शेतात पोचतात. माणसाच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टीन जनावरांसाठी वापरायला सरकारनं 2019 साली बंदी घातली, ती याच धास्तीनं.

मग शेड गावाबाहेर हाकलायच्या का? हा दुसरा पक्षही मला मान्य नाही. शहरानं आपला कचरा वर्षानुवर्षं नारेगावला नेऊन टाकला, 2018 च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या आणि मग प्रक्रिया केंद्रांची धावपळ सुरू झाली. घाण नजरेआड केली म्हणून संपत नाही, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

उपाय ठाऊक असलेलाच आहे. लिटरमध्ये कर्ब कमी आणि नत्र फार. त्यात पऱ्हाट्या-तुराट्यांचा भुगा किंवा सोयाबीनचं भुसकट मिसळायचं, छताखाली, पक्क्या ओट्यावर ढीग लावायचा, आतली उष्णता काही दिवस 55 अंशांच्या वर टिकू द्यायची आणि पलटी देत राहायचं. जंतू मरतात, माशी थांबते, नत्र बरंचसं टिकतं. दीड-दोन महिन्यांनी जे हाती येतं ते खत. त्याआधी तो कचराच. अडचण ओट्याच्या आणि छताच्या खर्चाची आहे. तो लहान शेतकऱ्यावर ढकलणं अन्यायाचं होईल, कारण पक्ष्याचा नफा त्याच्याकडे राहतच नाही.

करारात पिल्लांचा आकडा असतो, खाद्याच्या गोण्यांचा असतो, मरतुकीची टक्केवारीही असते. लिटरच्या ओट्याचा आणि मेलेल्या पक्ष्यांच्या झाकणबंद खड्ड्याचा रकाना त्यातच हवा, त्यापुढे कंपनीच्या वाट्याची रक्कम हवी, आणि शेडमध्ये पहिलं पिल्लू उतरण्याआधी तो भरलेला हवा.