परळची सप्तरूपी शिवशिळा

परळ म्हटले की बंद पडलेल्या गिरण्या, त्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आणि केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये डोळ्यांपुढे येतात. मुंबईच्या इतिहासातही परळची नोंद होते ती प्रामुख्याने गिरणगाव म्हणून. मात्र गिरण्यांच्या भोंग्याआधी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या परळची साक्ष देणारी एक कोरीव शिळा आजही याच वस्तीत, बारादेवी मंदिराच्या आवारात उभी आहे. भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासग्रंथांत 'परळची शिवमूर्ती' म्हणून तिला मानाचे स्थान आहे. तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून रोज ये-जा करणाऱ्या असंख्य मुंबईकरांना मात्र तिची फारशी कल्पना नसते.

रस्त्याखाली सापडलेला देव

ही शिळा उजेडात आली १९३१ साली. परळ भागात रस्त्याचे काम सुरू असताना खोदकामात ती सापडली. मुंबईत त्या वेळी वस्तुसंग्रहालय नव्हते असे नाही. तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी खुले झालेले होते. तरीही शिळा तेथे गेली नाही. ती जवळच्या बारादेवी मंदिरात नेण्यात आली, तिला स्वतंत्र खोली मिळाली आणि तिची पूजाअर्चा सुरू झाली. वस्तुसंग्रहालयात आहे तो तिचा साचा घेऊन केलेला ठसा. मूळ मूर्ती वस्तीत आणि प्रतिकृती संग्रहालयात, असा हा नेहमीच्या उलटा प्रकार आहे.

सात रूपे, एक शिळा

सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच अखंड, पांढुरक्या दगडात हे शिल्प कोरलेले आहे. मध्यभागी शिवाच्या तीन आकृती एकावर एक अशा रचलेल्या दिसतात. खालची आकृती पूर्ण उभी आहे. तिच्या मागून दुसरी वर येते आणि दुसरीच्या मागून तिसरी. सर्वांत वरच्या आकृतीला अनेक हात असून ते पंख्यासारखे पसरलेले आहेत. या मधल्या ओळीतून दोन्ही बाजूंना दोन-दोन आकृती तिरप्या झेपावत बाहेर पडताना दाखविल्या आहेत. अशी एकूण सात रूपे होतात. पायाशी वाद्ये वाजविणारे गण बसलेले आहेत.

पाहणाऱ्याला खिळवून ठेवते ती या रचनेतील गती. खोडातून फांद्या फुटाव्यात त्याप्रमाणे एका देहातून दुसरा देह उमलत जातो. तरीही प्रत्येक चेहरा शांत आहे, कोठेही धडपड नाही. दगड जागचा हलत नाही, पण नजर मात्र खालून वर आणि मधून बाहेर सतत फिरत राहते.

या रचनेचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिळेची एकंदर बाह्यरेषा शिवलिंगासारखी असल्याने, एका लिंगातून प्रकट होत जाणारा शिव येथे दाखविला आहे, असे काहींचे म्हणणे आहे. पायाशी असलेल्या वादक गणांकडे बोट दाखवून काहींनी सात आकृतींचा संबंध संगीतातील सात स्वरांशी जोडला आहे. शिल्पाचे काही भाग अपुरे राहिले असावेत, असेही मानले जाते. मूर्तिशास्त्राच्या परिचित चौकटीत न बसणारे हे शिल्प आहे आणि त्याचे महत्त्वही त्यातच आहे.

घारापुरीचे शेजारी

शैलीवरून या शिल्पाचा काळ इसवी सनाच्या पाचव्या ते सहाव्या शतकाचा, म्हणजे गुप्तकाळाच्या अखेरीचा मानला जातो. परळपासून खाडीपलीकडे असलेल्या घारापुरीच्या लेण्यांतील शिल्पे साधारणपणे सहाव्या शतकातील. तेथील सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमूर्ती जगाला ठाऊक आहे आणि १९८७ पासून घारापुरी जागतिक वारसा यादीत आहे. परळची शिळा आणि ती त्रिमूर्ती यांच्यातील साम्य सहज जाणवते. भरदार पण हलका वाटणारा देह, मिटत आलेले डोळे, अंतर्मुख भाव. ज्या काळात जोगेश्वरी व घारापुरी येथे डोंगर कोरले जात होते, त्या काळात परळचे बेटही ओसाड नव्हते, हे ही शिळा सांगते. मुंबई ही इंग्रजांनी कोळ्यांच्या झोपड्यांतून उभी केलेली नगरी, असे सरधोपट चित्र नेहमी रंगविले जाते. त्या चित्राला परळच्या मातीतूनच मिळालेले हे उत्तर आहे.

वापरातला दगड

पूजेत असलेले शिल्प खराब होते, ते संग्रहालयात सुरक्षित राहते, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. तेल, पाणी, शेंदूर, धूर यांचा दगडावर परिणाम होतोच. पण वापरात राहिल्यामुळे टिकलेल्या दगडांची उदाहरणे जगभर आहेत. इंग्लंडमधील अनेक गावांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठीची मध्ययुगीन कोरीव दगडी कुंडे आजही पाहायला मिळतात. कम्ब्रिया परगण्यातील ब्राइडकर्क येथील बाराव्या शतकातील कुंडावर तर हातोडी-छिन्नी घेतलेला कारागीर कोरलेला असून रून लिपीतील लेखात त्याचे नावही आहे. सतराव्या शतकात तेथील यादवीच्या काळात अशी कितीतरी कुंडे चर्चबाहेर काढली गेली आणि काहींतून गुरे पाणी पिऊ लागली. पुढे त्यांतील अनेक पुन्हा चर्चमध्ये परतली, कारण गावाला त्यांची गरज होती. परळच्या शिल्पकाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण जमिनीखालून वर आलेल्या त्याच्या कामाला पुन्हा एकदा गाव मिळाले, एवढे खरे.

दगड हलविताना काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव दिले, तो १८६४ साली इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलतानाच तो कोसळून फुटला. त्याचे तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडण्यात आले आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती वाचला, पण त्याचे बेट मात्र सुटले.

संरक्षण आणि शेजारी

परळची शिळा आज राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक असून ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येते. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकामासाठी परवानगी घ्यावी लागते. डोंगरावरील किल्ल्यासाठी किंवा उघड्या माळावरील मंदिरासाठी हा नियम समजण्यासारखा आहे. पण परळसारख्या दाट वस्तीत १०० मीटरच्या वर्तुळात जुन्या चाळी आणि इमारती येतात. तेथील कुटुंबांना पुनर्विकास हवा असतो आणि नियम आड येतो. मग शिळाच दुसरीकडे न्यावी, असा विचार पुढे आला तर नवल नाही.

येथेच या विषयातील खरा पेच आहे. बंद खोलीत असलेल्या, बाहेरून दिसतही नसलेल्या शिल्पाला उघड्यावरील वास्तूचेच अंतर लावावे का, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करायला हवा. वारशाची सगळी किंमत शेजाऱ्यांनीच मोजायची, असे झाले की वारसाच शत्रू वाटू लागतो. दुसरीकडे, वस्तीच्या सोयीसाठी शिळा हलविली तर तिचे परळपण संपेल. तीच शिळा मग काचेपलीकडची आणखी एक मूर्ती होईल. पूजेतील स्मारकांच्या पावित्र्याची तरतूद १९५८ च्या कायद्यातच आहे. श्रद्धा आणि संरक्षण यांना एकत्र नांदविण्याचा मार्ग त्यामुळे नवा शोधायचा नाही, तो नीट अमलात आणायचा आहे.

बारादेवीला जाणाऱ्याने आधी संग्रहालयातील ठसा पाहावा आणि मग परळला यावे. ठशात रेषा स्पष्ट दिसतात, तपशील कळतात. मूळ शिळेपुढे मात्र फुले असतात, दिवा असतो आणि हात जोडून उभे असलेले कोणीतरी असते. शिल्पकाराने शिळा घडविली ती अशाच कोणासाठी तरी. तेवढा भाग ठशात उतरलेला नाही.