प्रतिकृतींचे मोल

मूळ शिल्प ते खरे आणि त्याची प्लॅस्टरमधली प्रतिकृती दुय्यम, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहाचा इतिहास हे गृहीत तपासायला लावतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपला न जाता ग्रीक शिल्पांचा अभ्यास करायचा तर प्रतिकृतींवाचून गत्यंतर नव्हते. हेन्री सेज यांच्या देणगीतून कॉर्नेलने शेकडो प्रतिकृती मागवल्या. १८९४ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले.

प्लॅस्टरच का? जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले, की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते. उरलेली भुकटी पाण्यात कालवली, की जिप्समचे सुईसारखे स्फटिक पुन्हा तयार होऊन एकमेकांत गुंततात. घट्ट होताना मिश्रण किंचित फुगते, त्यामुळे ते साच्याच्या बारीकसारीक खाचांत शिरते. छिन्नीच्या खुणासुद्धा उमटतात!

विसाव्या शतकात 'अस्सल' वस्तूंचे महत्त्व वाढले. जगभर अशा प्रतिकृती अडगळीत गेल्या, फुटल्या. कॉर्नेलमध्येही तेच घडले. ऑलिंपिया येथील झ्यूसच्या मंदिरातील शिल्पांच्या प्रतिकृती विद्यापीठाच्या उपाहारगृहात येऊन राहिल्या. त्या उपाहारगृहाचे नावच 'टेंपल ऑफ झ्यूस' पडले.

२०१० नंतरच्या दशकात विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी या संग्रहाकडे पुन्हा लक्ष दिले. विद्यार्थ्यांनी प्रदर्शनांच्या मांडणीत भाग घेतला. प्रदर्शन मांडायचे म्हणजे प्रत्येक वस्तूविषयी प्रश्न विचारावे लागतात. हा साचा कोणत्या मूर्तीवरून घेतला? केव्हा घेतला? अंगावरच्या या बारीक रेषा मूळच्या, की साच्याच्या तुकड्यांच्या सांध्यांच्या?

यातील 'केव्हा' हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे अथेन्समधील एका उदाहरणावरून कळते. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील शिल्पपट्टीचे साचे लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी १८०२ मध्ये घेतले. ती पट्टी बहुतांशी १९९३ पर्यंत उघड्यावरच होती आणि प्रदूषित हवेने तिचा दगड झिजला. आज काही तपशील त्या जुन्या प्रतिकृतींतच दिसतात. येथे नक्कल मुळापेक्षा अधिक सांगते!

आपल्या शाळेच्या कपाटात हाडांचे, फुलांचे, डोळ्याचे जुने नमुने धूळ खात असतील. ते फेकण्यापूर्वी त्यांची नोंदवही विद्यार्थ्यांना करू द्या. नमुना कशाचा, कोणत्या मापाचा, त्यात काय दाखवले आणि काय गाळले, एवढे शोधताना निरीक्षणाचा चांगला धडा होईल.